सुताची नळी वर्गात येऊ द्या

‘टाकाऊतून टिकाऊ’च्या स्पर्धेत दरवर्षी प्लास्टिकच्या बाटल्यांचे पेनस्टँड मांडलेले दिसतात. रंग वेगळे, बाटली तीच आणि बहुतेकदा हात आईचे. मी सुरतेत, लिंबायतमध्ये मराठी माध्यमाच्या मुलांना शिकवते आणि माझं स्पष्ट मत आहे की या स्पर्धा बंद कराव्यात. मुलाला आधी उत्तर सांगायचं आणि ते सुबक बनवलं म्हणून बक्षीस द्यायचं, यात त्याने विचार करायचा कधी?

माझ्या वर्गात सुताच्या रिकाम्या नळ्या असतात. पॉलिस्टरचं सूत लूमवर संपलं की ही जाड पुठ्ठ्याची नळी उरते. लिंबायत, उधना, डिंडोलीतल्या पोरांनी ती लहानपणापासून हाताळलेली असते. जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली ही घरं. वडील लूमच्या कारखान्यात नाहीतर रिंग रोडच्या कापड बाजारात. आई घरी बसून साड्यांचे धागे कापते, टिकल्या चिकटवते. नळी हातात देऊन मी एवढंच विचारते, ‘हिचं काय काय करता येईल?’

पहिली उत्तरं सगळ्यांची सारखी. दुर्बीण, लाटणं, पिपाणी. मग वर्ग गप्प होतो. इथे घाई करणाऱ्या शिक्षकाला वाटतं की मुलांचं सुचणं संपलं. मी थांबते, कारण मजा पुढेच आहे. एका मुलाचे वडील बाजारात पार्सलं ओढतात. तो म्हणाला, गठ्ठ्याखाली नळ्या आडव्या घातल्या तर गठ्ठा नुसता ढकलता येईल. पुस्तकांचा गठ्ठा बांधून लगेच करून पाहिलं. गठ्ठा सरकला, पण मागची नळी सुटून बाहेर आली. ती उचलून पुढे घालायला एक जण सतत धावत होता. मग एक मुलगी म्हणाली, नळीतून काठी घाला आणि काठी गठ्ठ्याला बांधा. तिने चाकाचा आस शोधला होता. त्याला काय म्हणतात ते मी नंतर सांगितलं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी विटेसारख्या साध्या वस्तूचे किती उपयोग सुचतात, किती तऱ्हांचे आणि किती वेगळे, यावरून कल्पकता मोजायची पद्धत आणली. मोजायला ती ठीक आहे. शिकवताना मात्र सुचलेलं तिथल्या तिथे करून पाहता आलं पाहिजे. आडव्या नळीवर पाय दिला की ती निसटते. चार नळ्या उभ्या करून वर फळी ठेवली की तिच्यावर एक पोर आरामात उभं राहतं. उपयोगांची यादी लिहून हे कळत नाही.

हा मार्ग आपल्याला नवा नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक गुजरातीतले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करायला भावनगरला गेल्या. पुढे 1945 मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघांना सोबत घेऊन त्यांनी बालवाड्या चालवल्या, तेव्हा माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे, पानं मुलांपुढे ठेवली. कोसबाड सुरतेहून मुंबईकडे जाताना वाटेतच लागतं. 1978 मध्ये अभियंते अरविंद गुप्ता मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे व आगकाड्या जोडून त्यांनी भूमिती उभी केली. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. पूल आणि छपरं त्रिकोणांनी का बांधतात, हे एवढ्यात मुलाच्या बोटांना कळतं.

‘बाई, पोरगं या नळ्यांतून सुटावं म्हणून आम्ही रात्रपाळ्या करतो आणि तुम्ही नळ्याच वर्गात आणता?’ एका वडिलांनी मला विचारलं. या प्रश्नामागचे कष्ट मला ठाऊक आहेत. आमचं घरही अमळनेरहून इथे कामासाठीच आलं. पोरगं सुटावं हे मलाही हवं आहे. पण अनोळखी वस्तूवर कल्पना सुचत नाहीत. दुकानातला विज्ञानाचा संच मूल भीत भीत हाताळतं आणि सोबतच्या कागदावर लिहिलंय तसं जोडतं. नळीचं वजन, ती कुठे फाटते, तोंडाशी धरल्यावर कशी घुमते, हे त्याला आधीच माहीत असतं. त्या ओळखीतूनच पुढचं सुचतं. घरी अहिराणी बोलणारं, वाचनात अडखळणारं मूल या तासाला सगळ्या वर्गाचं पुढारपण करतं, ते त्याच जोरावर. त्या वडिलांना मी विचारलं, लूम अडला आणि मिस्त्री आला नाही तर काय करता? ते बराच वेळ उत्साहाने सांगत राहिले. मी म्हटलं, हेच वर्गात येऊन सांगा.

सुरत महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. या मुलांची पाठ्यपुस्तकं वेगळी. नळी मात्र ओडिया, तेलुगू आणि खानदेशी विणकरांच्या घरी एकच. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. त्यांतले निदान दोन दिवस समितीने शेजारशेजारच्या वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळांना एकत्र द्यावेत. नळ्या, चिंध्या, साडीच्या खोक्यांचा पुठ्ठा आणि सुतळी बाजारातून मागवावी, व्यापारी देतील. बक्षीस नको, गुणही नकोत. आणि मुलं गप्प झाली तर शिक्षकांनी मध्ये बोलू नये, एवढी सूचना परिपत्रकात जरूर घालावी.