वाढत्या अंगाचा अ‍ॅम्प नको
घरचा सूर : साप्ताहिक सदर

"दादा, घ्यायचाच तर मोठा घेतो, पुढे कार्यक्रमातही चालेल." मुलांसाठी व्हॉल्व्हचा पहिला गिटार अ‍ॅम्प घ्यायला निघालेले आपल्याकडचे पालक हमखास असं म्हणतात. गणवेश वाढत्या अंगाचा घेतलेला चालतो, अ‍ॅम्प मात्र आजच्या खोलीच्या मापाचाच हवा. आपल्या सिडनीतल्या स्कोफिल्ड्समध्ये तर नक्कीच. इथल्या नव्या वसाहतींत दोन घरांमध्ये जेमतेम एका माणसाला जाता येईल एवढीच बोळ असते. भिंत बाहेरून विटांची दिसते, पण आत लाकडी सांगाडा आणि प्लास्टरबोर्ड. खर्जातला आवाज त्यातून सहज पलीकडे जातो. राहिला कार्यक्रमाचा प्रश्न, तर छोट्या अ‍ॅम्पपुढे माईक लावला की हॉल भरायचं काम तिथली ध्वनियंत्रणा करते.

वॅटच्या आकड्याने फार फसगत होते. ५० वॅटचा अ‍ॅम्प ५ वॅटच्या दहापट मोठा वाजत नाही, कानाला तो जेमतेम दुप्पट वाटतो. त्यामुळे ५ वॅटचा अ‍ॅम्पसुद्धा वाटतो तितका गरीब नसतो. गिटारचे बरेच स्पीकर एका वॅटला, मीटरभर अंतरावर, ९७ ते १०० डेसिबल आवाज देतात. बंद खोलीत एवढा आवाज कुणालाच सोसणार नाही.

म्हणून आधी बटणं बघा. फेंडरचा चॅम्पियन ६०० किंवा एपिफोनचा व्हॉल्व्ह ज्युनिअर हे ५ वॅटचे गुणी अ‍ॅम्प आहेत, पण त्यांना व्हॉल्यूमचं एकच बटण. ते बरंच पुढे नेल्यावर शेवटचा व्हॉल्व्ह ताणला जातो आणि हवी ती गुरगुर येते. तोवर घर दणाणलेलं असतं. गेन आणि मास्टर वेगवेगळे असले की पहिल्या टप्प्यातले व्हॉल्व्ह ताणून पुढचा आवाज आवरता येतो. ब्लॅकस्टारचा एचटी-१ आणि मार्शलचा डीएसएल१ हे एका वॅटचे अ‍ॅम्प या जातीचे. शेवटच्या व्हॉल्व्हचा भरदार दाब यात पुरता मिळत नाही, हे मान्य. तरीही घरासाठी मी हाच सौदा पसंत करेन. यांचे आठ इंची स्पीकर मात्र मला तोकडे वाटतात. परवडत असेल तर दहा इंची स्पीकरचा डीएसएल५ बघा. त्याची ताकद ५ वरून अर्ध्या वॅटवर आणता येते.

या सगळ्या खटाटोपाचं कारण म्हणजे व्हॉल्व्हचा हाताला मिळणारा जबाब. तार हलकी छेडली की सूर निवळतो, जोरात छेडली की खरखरतो. मुलाला पायाने बटण न दाबता नुसत्या बोटांनी सूर बदलायला शिकवणारा हा गुरू आहे. आजोबांच्या पिढीच्या कितीतरी रेडिओंत जो ईएल८४ व्हॉल्व्ह होता, तोच आजही व्हॉक्सच्या एसी१५मध्ये बसतो. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. आपल्या सिडनीतही अ‍ॅशफिल्डला व्हॉल्व्हचा कारखाना होता.

दुकानात स्वतःचीच गिटार घेऊन जा. तिथे सगळे अ‍ॅम्प मोठ्याने वाजवून दाखवतात. तुम्ही मास्टर एवढाच ठेवा, की शेजारी उभ्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल. आता मास्टर अगदी शून्यापासून हळूहळू फिरवा. काही अ‍ॅम्प बटण केसभर फिरवलं की शांततेतून एकदम ओरडतात. असा अ‍ॅम्प कितीही गोड वाजला तरी घरी आणू नका. मग गिटारवरचा व्हॉल्यूम दहावरून पाचावर आणा. खरखर विरून सूर स्वच्छ झाला पाहिजे. बारीक आवाजात खर्ज पातळ वाटला तर तो अ‍ॅम्पचा दोष नव्हे. कमी आवाजात आपल्या कानालाच खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं आहे. बेस थोडा वाढवला की झालं. घरी अ‍ॅम्प जमिनीवर न ठेवता खुर्चीवर, कानाकडे थोडा कलता ठेवा. वरच्या मजल्याच्या लाकडी जमिनीवरून खर्ज थेट खालच्या खोलीत उतरतो.

अमेरिकेतून स्वस्तात मागवायच्या फंदात पडू नका. तिथला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा, इथली वीज २३० ची.

न्यू साउथ वेल्सच्या नियमाप्रमाणे रविवार ते गुरुवार रात्री १० ते सकाळी ८, आणि शुक्रवार-शनिवारी मध्यरात्रीपासून सकाळी ८ पर्यंत, वाद्याचा आवाज शेजाऱ्याच्या राहत्या खोलीत ऐकू जाता कामा नये. रात्री आवाज बंद करायचा म्हणून स्पीकरची वायर मात्र कधीही काढू नका. स्पीकरविना वाजवला तर व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. रात्रीसाठी साधा डिजिटल अ‍ॅम्प आणि हेडफोन ठेवा, त्यात काही कमीपणा नाही. शाळेतून आल्यावरचा अर्धा-पाऊण तास व्हॉल्व्हला द्या, आणि ती वेळ शेजाऱ्यांना विचारूनच ठरवा.

— अ. दे., स्कोफिल्ड्स