पहिल्या षटकाचा हिशेब

आमच्या गावाची एक गंमत आहे. गावाचे नाव श्रीरामपूर. पण रेल्वेने आलात तर फलाटावरच्या पाटीवर नाव वाचाल बेलापूर. दौंड-मनमाड मार्गावरचे हे स्टेशन आधी झाले. मग प्रवरेच्या कालव्याचे पाणी आले, पाण्यामागे ऊस आला, उसामागे साखर कारखाने आले आणि स्टेशनाभोवती बाजारपेठ उभी राहिली. गावाचे नाव बदलले, स्टेशनाचे तेच राहिले. आमच्याकडे येणारा नवा पाहुणा खाली उतरल्यावर हमखास फोन करतो, "सर, चुकीच्या स्टेशनावर उतरलो काय?" आम्ही सांगतो, "बरोबर उतरलात. फक्त पाटीवर विसंबू नका."

ही सूचना आम्ही पाहुण्यांना वर्षानुवर्षे देत आलो. स्वतः मात्र पाळली नाही, त्याची ही हकीकत.

गावाची दुसरी ओळख वाचकांना माहीत असेलच. झहीर खान आमच्या श्रीरामपूरचा. त्यामुळे भारताचा सामना असला की आमच्याकडे टीव्ही पाहण्याची तऱ्हा वेगळी असे. इतर गावांत लोक फलंदाजी पाहायला बसत, आमच्याकडे पहिले षटक चुकवायचे नाही असा दंडक होता. चहाची टपरी असो की सलून, झहीर धावत सुटला की कात्री थांबायची.

२३ मार्च २००३ चा रविवार आम्ही विसरलेलो नाही. जोहान्सबर्गला विश्वचषकाचा अंतिम सामना. आमच्या छोट्याशा हॉलमध्ये मोहल्ल्यातली वीस-पंचवीस माणसे दाटीवाटीने बसलेली. बेगमसाहेबांनी शिरखुर्म्याचे पातेले चढवून ठेवलेले, जणू ईदच. आणि झहीरच्या पहिल्याच षटकात नो बॉल आणि वाइडसह पंधरा धावा गेल्या. कोणी कोणाकडे पाहीना. पुढे ऑस्ट्रेलियाने दोन बाद ३५९ धावा केल्या, आपण हरलो. शिरखुर्मा दुसऱ्या दिवशी सकाळी गरम करून संपवावा लागला. ज्या टपरीवर त्याच्या नावाने चहा फुकट मिळायचा, तिथेच लोक म्हणू लागले, "मोठ्या सामन्याचा गडी नाही तो."

मग २ एप्रिल २०११. वानखेडेवर श्रीलंकेशी अंतिम सामना. तोच मुलगा, तोच नवा चेंडू. सुरुवातीच्या पाच षटकांत तीन निर्धाव, फक्त सहा धावा आणि एक बळी. त्या स्पर्धेत त्याने एकवीस बळी घेतले, शाहिद आफ्रिदीइतकेच आणि बाकी सर्वांपेक्षा जास्त.

आम्ही गणित शिकवतो. दरवर्षी चाचणीचे पेपर वाटले की काही चेहरे उतरतात. त्या दिवशी आम्ही फळ्यावर दोन आकडे लिहितो: पंधरा आणि सहा. पंधरा धावा पहिल्या अंतिम सामन्यातल्या एका षटकात, सहा धावा दुसऱ्या अंतिम सामन्यातल्या पाच षटकांत. "दोन्हींमध्ये काय आहे?" म्हणून विचारतो. कोणी वजाबाकी सांगतो, कोणी भागाकार. आम्ही सांगतो, "मध्ये आठ वर्षे आहेत." पोरे हसतात, पण पेपर घडी घालून दप्तरात नीट ठेवतात.

इतके शहाणपण सांगणाऱ्या आमच्या स्वतःच्या पहिल्या षटकाचा हिशेब मात्र आम्ही वर्गात कधी सांगितला नाही. तो या पानावर सांगतो.

साल १९९९. आम्हाला नोकरीला लागून सहा वर्षे झाली होती. क्रीडाशिक्षकांची बदली झालेली, म्हणून मुलींच्या खो-खो संघाची जबाबदारी आमच्याकडे आली होती. आठवीतली एक मुलगी, तिचे नाव लिहीत नाही, अशी पळायची की पाठलाग करणारी चौकात बसलेल्या आपल्याच मुलीवर आदळायची. खांबाजवळ हुलकावणी देण्याची तिची एक खास पद्धत होती; एक खांदा झुकवायची आणि दुसरीकडून निसटायची. तालुका जिंकला. जिल्ह्याच्या सामन्यांसाठी नगरला जायचे ठरले.

जाण्याच्या दोन दिवस आधी तिचा मोठा भाऊ शाळेत आला. तरुण, नुकतीच दाढी राखलेला, हातात टोपी. व्हरांड्यात उभा राहून म्हणाला, "सर, बहिणीच्या खो-खोबद्दल जरा बोलायचं होतं."

आम्ही त्याला पुढे बोलूच दिले नाही. त्याची दाढी पाहिली, टोपी पाहिली आणि पाटी वाचून मोकळे झालो. मनात म्हटले, आपल्याच समाजातला मुलगा आहे, घरचा विरोध घेऊन आला आहे. शिक्षक म्हणून वाद घातला तर उद्या मोहल्ल्यात चर्चा. आम्ही म्हणालो, "समजलं. नाव कमी करतो. काळजी करू नका." त्याच्यासमोरच यादी काढली आणि नावावर रेघ ओढली. तो क्षणभर थांबला, काही बोलला नाही, सलाम करून निघून गेला. आम्हाला वाटले, प्रश्न किती शांतपणे मिटवला!

मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात होती. मैदानावर पुन्हा आली नाही. संघ पहिल्याच फेरीत हरला. वर्षभराने, ऑक्टोबर २००० मध्ये झहीर नैरोबीला भारताकडून पहिल्यांदा खेळला आणि सारा गाव म्हणू लागला की लहान गावातूनही मोठा खेळाडू निघतो. टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्ही पुढे होतो.

२००५ मध्ये 'इक्बाल' नावाचा सिनेमा आला. खेड्यातला बोलता-ऐकता न येणारा शेतकऱ्याचा पोरगा वेगवान गोलंदाज होतो. वडील म्हणतात शेती पाहा. पण धाकटी बहीण खदिजा हट्टाला पेटते. भावाची खूणभाषा ती जगाला समजावून देते आणि नसीरुद्दीन शाह यांनी साकारलेल्या पिऊन पडलेल्या प्रशिक्षकालाही तीच त्याच्यासाठी उठवते. आमच्या घरी तो सिनेमा सर्वांनी मिळून पाहिला. शेवट झाला, सगळ्यांचे डोळे ओले. तेव्हा आमची धाकटी, नऊ-दहा वर्षांची, म्हणाली, "अब्बा, इक्बाल तर टीममध्ये गेला. खदिजाला काय खेळायचं होतं, ते कोणी विचारलंच नाही."

बेगमसाहेब हसल्या. आम्हाला हसू आले नाही. आम्हाला यादीवरची रेघ आठवली.

आता २०२५ ची गोष्ट. जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. रविवारी, १९ तारखेला अंतिम सामने होते. मगरिबनंतर आम्ही टीव्ही लावला. ज्या खेळाला आयुष्यभर मातीत आणि धुळीत पाहिले, तो दिव्यांच्या झगमगाटात चटईवर खेळला जात होता. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवले. कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. मुलांनीही नेपाळलाच हरवून विश्वचषक घेतला, त्यांचा कर्णधारही महाराष्ट्राचाच, प्रतीक वाईकर. आम्ही एकटेच खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होतो. बेगमसाहेब स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "झहीर परत खेळायला लागला काय?"

जूनमध्ये शाळा उघडली. आठवीच्या वर्गात एक नवी मुलगी आली. पहिल्याच आठवड्यात मैदानावर पाहिली आणि आमचे पाय जागीच थांबले. एक खांदा झुकवायचा आणि दुसरीकडून निसटायचे! विश्वचषकाच्या वर्षी, २०११ ला जन्मलेली ही मुलगी. पण ती हुलकावणी आम्ही १९९९ मध्ये पाहिलेली होती.

पालकांची संमती हवी म्हणून घरी चिठ्ठी पाठवली. चार दिवसांनी आई स्वतः आली. बुरख्याची जाळी वर करून म्हणाली, "सर, ओळखलंत?"

"तुझ्या मुलीच्या पळण्यावरून आधीच ओळखलं," आम्ही म्हणालो. आणि मग जे सव्वीस वर्षे तोंडाशी येऊन थांबत होते, ते बोललो, "बेटा, त्या वेळी तुझं नाव मी कापलं. चुकलंच ते."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, भाई नको म्हणायला आलाच नव्हता. त्याला दोनच गोष्टी विचारायच्या होत्या. रात्री नगरहून परत कोण आणणार, आणि अर्ध्या चड्डीऐवजी सलवार चालेल का. घरी येऊन म्हणाला, सरांनी विचारायच्या आतच नाव कापलं. म्हणजे सरांनाही पटत नसणार मुलींनी जाणं. मग अब्बांनीही विषय बंद केला."

वाचकहो, आम्ही वर्गात पंचवीस-तीस वर्षे सांगत आलो की प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका. आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न आम्ही ऐकूनही घेतला नव्हता. लोक आपल्या समाजाकडे पाटी वाचून पाहतात, ही तक्रार आपण सगळेच करतो. ती खोटी नाही. पण त्या दिवशी ती पाटी लावणारे आम्ही होतो. आम्ही त्या घराला नकार देण्याचीसुद्धा संधी दिली नाही. त्यांच्या वतीने आम्हीच नकार दिला, आणि तिकडे घरच्यांना तो शाळेचा नकार वाटला.

"आता मुलीचं काय?" आम्ही विचारले.

"मी सही करते. पण घरात सासरे मोठे आहेत. त्यांच्या मनाविरुद्ध मला काही करायचं नाही. तुम्ही या."

या वेळी आम्ही गेलो. असरची नमाज झाली आणि त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. सोबत आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेला घेतले होते. हाजीसाहेबांनी चहा मागवला, उसाच्या भावाची चौकशी झाली, पावसाची झाली. मग आम्हीच म्हणालो, "हाजीसाहेब, नातीच्या खेळाबद्दल तुम्हाला जे विचारायचं असेल ते विचारा. सगळं ऐकल्याशिवाय मी उठणार नाही."

त्यांचे तीन प्रश्न निघाले. कपडे काय? सोबत कोण? परत कधी? आम्ही एकेक उत्तर दिले. लांब ट्रॅक पँट, जर्सीच्या आत पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. सोबत या मॅडम, जाताना आणि येताना. आईला यायचे असेल तर गाडीत जागा ठेवू. परत यायला उशीर झाला तर मुलीला मैदानावरून थेट घरच्या दारात सोडू. बाईंनी आपला फोन नंबर लिहून दिला. आम्ही हेही म्हणालो की हुजूर (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावल्याची रिवायत तुम्हाला आमच्यापेक्षा चांगली माहीत आहे. हाजीसाहेब हसले. "सर, ती मला माहीत आहे. मला गाडीची वेळ माहीत नव्हती."

निघताना ते दारापर्यंत आले. "यात नाही म्हणण्यासारखं काय आहे? घरी येऊन विचारलंत, बरं वाटलं."

तालुक्याचे सामने पावसातच झाले. मैदानावर चिखल, चुन्याच्या रेघा दर तासाला पुसल्या जायच्या. आमचा संघ दुसऱ्या फेरीत हरला. चिखलात आमच्या मुलींचे पाय घसरत होते आणि समोरच्यांचे घसरत नव्हते, इतकेच. पण आमची आठवीतली शेवटच्या पाळीत दोन मिनिटांहून जास्त पळाली. तिची आई छत्री घेऊन मैदानाच्या कडेला उभी होती. दरवेळी मुलगी खांबाजवळ आली की आईचाही एक खांदा नकळत झुकायचा. ते फक्त आम्ही पाहिले असावे.

सामना संपल्यावर मुलगी आमच्याकडे आली, गुडघ्यापर्यंत चिखल. "सर, हरलो."

"पहिलंच वर्ष आहे," आम्ही म्हणालो. "पुढच्या वर्षी नववीत असशील."

तिची आई जवळच उभी होती. रुमालाने मुलीचे तोंड पुसता पुसता म्हणाली, "सर, पुढच्या वर्षीची चिठ्ठी पाठवायला विसरू नका."

इन्शाअल्लाह, विसरणार नाही. सेवानिवृत्तीला आता थोडीच वर्षे उरली आहेत. त्या चिठ्ठ्या आम्ही आता शिपायाच्या हाती देत नाही. स्वतः घरी जातो, चहा घेतो, आणि आधी समोरच्याला बोलू देतो.