परवाना हिरावलेल्या सुइणी

१/ अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कृष्णवर्णीय स्त्रियांची बाळंतपणे प्रामुख्याने कृष्णवर्णीय सुइणी करीत. लोक त्यांना ‘ग्रॅनी मिडवाइफ’ म्हणत. आज त्यांचा गौरव होतो; पण त्यांची परंपरा कोणी संपवली, हा प्रश्न त्या गौरवात विरून जातो.

२/ ही विद्या गुलामगिरीच्या काळापासून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मळ्यांवरील गोऱ्या स्त्रियांची सुटकाही याच सुइणी करीत. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, तरी वर्णभेदामुळे अनेक रुग्णालयांची दारे बंदच राहिली. सुईण मात्र अडल्या घरी जाई, बाळंतिणीचे घरकामही उरकी आणि पैसा नसेल तेथे धान्यावर वा कोंबडीवर समाधान मानी.

३/ १९२१ च्या शेपर्ड-टाउनर कायद्याने राज्यांना माता-बालआरोग्यासाठी केंद्रीय निधी मिळाला. त्यातून सुइणींची नोंदणी व प्रशिक्षण सुरू झाले. स्वच्छतेचे धडे उपयुक्तच होते. परंतु त्याच काळात मातामृत्यूंचे खापर सुइणींच्या कथित अज्ञानावर फोडले गेले. दारिद्र्य आणि भेदभाव नामानिराळे राहिले.

४/ शासनाचाच पुरावा याविरुद्ध बोलतो. जॉर्जियाच्या आरोग्य विभागाने १९५० च्या दशकारंभी प्रशिक्षणासाठी ‘ऑल माय बेबीज’ हा चित्रपट करवून घेतला. त्यात आदर्श म्हणून दिसतात त्या ऑल्बनीच्या सुईण मेरी कोली.

५/ तरीही पुढे परवाने आटत गेले. अलाबामाने १९७६ मध्ये पारंपरिक सुईणकामाला कायद्याने आळा घातला. मोबाइल शहरातील ऑनी ली लोगन यांचे परवानाधारक काम १९८४ मध्ये थांबले. त्यांचे ‘मदरविट’ हे आत्मकथन १९८९ चे.

६/ रक्तसंक्रमण, प्रतिजैविके आणि शस्त्रक्रिया यांनी असंख्य माता वाचवल्या, हे निर्विवाद. पण रुग्णालय हवे म्हणून सुईण नको, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. अवघड प्रसूती रुग्णालयाकडे सोपवणारी सुईण त्याच व्यवस्थेत सामावता आली असती.

७/ २०२१ मध्ये अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ कृष्णवर्णीय मातांचा मृत्यू झाला. गोऱ्या मातांत हे प्रमाण २६.६ होते. या दरीचे कारण केवळ सुइणींचा अभाव नव्हे. मात्र सुइणींना दूर सारल्याने ती बुजली नाही, एवढे स्पष्ट आहे.

८/ म्हणून पुतळे आणि स्मृतिदिन अपुरे ठरतात. जिचे ज्ञान वापरून घेतले आणि नंतर अवैध ठरवले, तिच्या वारसदारांना प्रसूतिगृहात अधिकाराची जागा देणे, हाच खरा सन्मान.