सरकती चित्रे आणि खोळंबलेला ग्राहक

आपल्या व्यापारी बंधूंपैकी अनेकांनी आता वेबसाइट काढली आहे. पण पाहावे तर पहिल्याच पानावर चार-पाच मोठे फोटो आळीपाळीने सरकत असतात, आणि बिघडलेले असतात नेमके तेच. एक फोटो जातो, मध्ये पांढरी पट्टी दिसते, मग दुसरा धक्के खात येतो. मोबाइलवर तर भाव वाचता वाचता मजकूर खाली उडी मारतो. वेबसाइट बनवणारा म्हणतो, "माझ्याकडे तर व्यवस्थित चालते." दुरुस्तीचे बिल मात्र येते.

आमचे मत असे की, बिल चुकते करण्यापूर्वी मालकाने थोडी माहिती करून घ्यावी. कापड घेताना आपण पोत पाहतोच ना?

बहुतेक वेळा दोष फोटोंतच असतो. मोबाइलने काढलेला ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो तसाच चढवला, तर फाइल दिसते तीन-चार एमबीची. पण उघडल्यावर प्रत्येक पिक्सेलला चार बाइट या हिशेबाने तो ४८ एमबी मेमरी खाऊ शकतो. असे पाच म्हणजे २४० एमबी. ग्राहकाचा साधा फोन दम टाकणारच. हाच फोटो १२०० बाय ९०० चा केला की हिशेब साडेचार एमबीच्या आत येतो. यासाठी कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

दुसरे कारण हालचालीच्या पद्धतीत असते. पडदा साधारणपणे सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगतो, म्हणजे प्रत्येक वेळी हाताशी जेमतेम १६ मिलिसेकंद. फोटो 'लेफ्ट' किंवा 'विड्थ' बदलून सरकवला, तर ब्राउझरला दर वेळी पानाची मांडणी पुन्हा मोजावी लागते. 'ट्रान्सफॉर्म' आणि 'ओपॅसिटी' वापरल्यास ते ओझे टळते. मजकूर उडतो तो फोटोची जागा आधी राखून न ठेवल्याने. उंची-रुंदी लिहून दिली की थांबतो. आणि काहीच हलत नसेल तर संगणकावर एफ-१२ दाबून कन्सोलमधील लाल ओळी पाहाव्यात. जे-क्वेरी दोनदा जोडली गेल्याचे प्रकार पुष्कळ आढळतात. अर्थात, एखाद्याने आपल्या फोनमध्ये हालचाल कमी ठेवण्याचा पर्याय निवडला असेल आणि म्हणून फोटो स्थिर असतील, तर तो बिघाड नव्हे. जुना स्लाइड शो फ्लॅशमध्ये असेल तर त्यावर एक पैसाही घालू नये. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजीच संपला.

पण मुळात हा देखावा हवाच कशाला? अमेरिकेतील नोट्र डेम विद्यापीठाच्या वेबसाइटवर २०१३ मध्ये मोजणी झाली. अशा फोटोंवर क्लिक करणारे सुमारे १ टक्का निघाले, आणि त्यातल्या ८४ टक्के क्लिक पहिल्याच फोटोवर होत्या. म्हणजे उरलेल्या फोटोंसाठी ग्राहकाचा डेटा आणि मालकाचा पैसा दोन्ही जातात. शिवाय वेबच्या सुलभता नियमांनुसार आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त हलणाऱ्या मजकुराला थांबवण्याची सोय लागते. सावकाश वाचणाऱ्या वयस्कर ग्राहकाला ती मिळते का, हे किती जणांनी पाहिले आहे?

आमच्या मते एक चांगला स्थिर फोटो, खाली भाव, पत्ता, दुकानाची वेळ आणि फोन नंबर पुरे. तरीही कोणाला सरकते फोटो हवेच असतील, तर दुरुस्तीचे पैसे देण्यापूर्वी ते पान वायफाय बंद करून दुकानातल्या सर्वांत स्वस्त फोनवर उघडून घ्यावे.