कोमोडोत आधी गावाला विचारा

मी आयुष्यभर बँकेत काउंटरवर बसलो, त्यामुळे इंडोनेशियाच्या कोमोडो राष्ट्रीय उद्यानाच्या बातम्यांत माझी नजर आधी तिकिटावर गेली. 2022 मध्ये तिथलं दीड लाख रुपियाचं तिकीट साडेसदतीस लाख करायचं ठरलं. पंचवीस पट! कारण सांगितलं संवर्धनाचं. लाबुआन बाजो बंदरातल्या गाइड, बोटवाल्यांनी ऑगस्टमध्ये संप पुकारला. पर्यटनावर जगणारेच रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांना 'विकासविरोधी' कसं म्हणणार? डिसेंबरात सरकारने दरवाढ मागे घेतली.

त्याआधी 2020 मध्ये याच उद्यानातल्या रिंचा बेटावरचं छायाचित्र जगभर गाजलं होतं: पर्यटकांसाठीच्या बांधकामाचा ट्रक आणि समोर कोमोडो ड्रॅगन हा महाकाय सरडा. लोकांनी त्या प्रकल्पाला 'ज्युरासिक पार्क' असं नाव ठेवलं. युनेस्कोने 2021 मध्ये पर्यावरणीय परिणामांचा आढावा होईपर्यंत कामं थांबवायला सांगितलं, तरी ती चालूच राहिली.

मला सर्वांत खटकतं ते 2019 चं. कोमोडो बेट वर्षभर बंद करून तिथल्या सुमारे दोन हजार रहिवाशांना हलवायचा बेत होता. ज्या कोमोडो ड्रॅगनला हे लोक भावंड मानतात, त्याच्याच नावाखाली त्यांना उठवायचं! गावकरी विरोधात उभे राहिले आणि बेत बारगळला.

उद्यानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांची लेखी संमती नसेल, तर पर्यटनाचा एकही आराखडा मंजूर होता कामा नये.