आधी छत, मग एसी

जुन्या घराची डागडुजी काढायची ठरली की घरातल्या प्रत्येकाची यादी तयार असते. कुणाला नवी फरशी हवी असते, कुणाला ओट्यावर ग्रॅनाइट आणि उन्हाळा जवळ आला असेल तर एसी. पैसा मात्र एकच असतो, बहुधा भविष्यनिर्वाह निधीतून काढलेला. तो रंग-फरशीत संपतो, एसी हप्त्यांवर येतो आणि पहिले मोठे बिल पाहिल्यावर फक्त पाहुण्यांसाठी लावला जातो. वरच्या खोलीत झोपणाऱ्या आजी-आजोबांचा उकाडा जिथल्या तिथेच राहतो. वृद्धांना आणि तान्ह्या मुलांना उष्णता सर्वांत जास्त बाधते, हे लक्षात घेतले तर या यादीचा क्रम बदलावा लागतो.

ऊन शिरते कुठून?

सर्वांत वरच्या मजल्यावर उष्णता मुख्यतः छतातून येते. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच उष्णता खोलीत सोडतो. म्हणून बाहेर गार वारा सुटला तरी आत घामाच्या धारा लागतात. पहिला खर्च इथेच करावा. आधी भेगा बुजवून गळती थांबवावी, पाण्याचा उतार तपासावा. मग वर पांढरा थर द्यावा. हात आखडता असेल तर चुन्याचे दोन हात पुरतात, टिकाऊ काम हवे असेल तर पांढऱ्या तुकड्यांचे चायना मोझेक करावे. चुना पावसात धुपतो, म्हणून तो दर उन्हाळ्यापूर्वी पुन्हा द्यावा लागतो. अहमदाबादमध्ये २०१७ साली गरीब वस्त्यांतील छपरे याच पद्धतीने पांढरी करण्याचा उपक्रम झाला आणि २०२३ मध्ये तेलंगणाने शीतल छतांचे धोरणच जाहीर केले.

खिडक्या आणि भिंती

पश्चिमेचे ऊन काचेतून आत आले की पडदा ओढून फारसे साधत नाही. ते बाहेरच अडवावे. बांबूची चिक, छज्जा किंवा मांडवावर चढवलेला वेल, यांपैकी काहीही चालेल. सकाळी ऊन चढण्यापूर्वी खिडक्या बंद कराव्यात, रात्री उघडाव्यात. नागपूर, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) किंवा इंदूरच्या कोरड्या हवेत कूलर एसीपेक्षा फार कमी विजेत काम भागवतो, मुंबई-कोकणच्या दमट हवेत मात्र त्याचा उपयोग नाही.

दगड-मातीचा जुना वाडा असेल तर त्याच्या जाड भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नये. ओल आत कोंडते आणि भिंत पोखरते. तिथे चुन्याचाच गिलावा हवा. जुने झरोके बुजवू नयेत, गरम हवा त्यांतूनच बाहेर पडते.

पंख्यांचा हिशेब

साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३०च्या आसपास. असे चार पंखे रोज १२ तास चालले तर महिन्याला साधारण ६५ युनिट वाचतात. घराच्या बिलावरचा दर पाहून गृहिणीला हा हिशेब स्वतःच मांडता येईल. सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही, जो सर्वाधिक तास फिरतो त्यापासून सुरुवात करावी.

एवढे करूनही एसी हवाच असेल तर आधी वायरिंग तपासून घ्यावे. जुन्या घरांतील तारा एवढ्या भारासाठी घातलेल्या नसतात, कित्येक ठिकाणी अर्थिंगही नसते. इथे केलेली काटकसर जिवावर बेतू शकते. छत सुधारलेल्या खोलीला एसी लहान लागतो. तो १८ऐवजी २४ अंशांवर ठेवावा आणि सोबत पंखा चालवावा.

छतावर सौर पॅनेल बसवायचे असतील तर घरांसाठी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत तीन किलोवॅट वा अधिक क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान ठरवले गेले. अर्ज करण्यापूर्वी चालू नियम पाहून घ्यावेत. गळती मात्र पॅनेल बसण्याआधीच दुरुस्त व्हावी. नंतर ते उतरवून दुरुस्ती करणे महागात पडते.

नवी फरशी पाहुण्यांच्या नजरेत भरते, छतावरचा चुना कुणालाच दिसत नाही. पण वैशाखातल्या रात्री आजोबांना शांत झोप लागते ती त्या चुन्यामुळे. फरशी पुढच्या दिवाळीलाही बसवता येईल.