'पुढे काय?' विचारण्यापूर्वी

बारावीचा निकाल लागला किंवा पदवी हाती आली, की घरातील प्रत्येक जण नातवंडाला एकच प्रश्न विचारतो, 'मग, पुढे काय?' विचारणाऱ्याच्या मनात माया असते. पण तोच प्रश्न दिवसातून चारदा ऐकणाऱ्याला तो तगादा वाटतो. आपल्या तरुणपणी वाटा मोजक्या होत्या. आज त्या असंख्य आहेत आणि प्रत्येक वाटेवर चुकण्याचे भय उभे आहे. निर्णय लांबणीवर टाकणारे मूल पुष्कळदा आळशी नसते, घाबरलेले असते.

अशा वेळी 'तू हुशार आहेस, काळजी करू नकोस' एवढ्याने भागत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये आत्मविश्वासाचे चार स्रोत सांगितले: स्वतः काही करून पाहणे, आपल्यासारख्या कुणाला ते जमलेले पाहणे, विश्वासातील माणसाने दिलेला धीर आणि शरीरमनाची स्वस्थता. यांपैकी स्वानुभव सर्वांत प्रभावी असतो.

आजी-आजोबांनो, या चारही ठिकाणी आपल्याला काम आहे. साऱ्या आयुष्याचा निर्णय मागण्याऐवजी या आठवड्यातील एक लहान पाऊल सुचवावे. उदाहरणार्थ, आवडत्या क्षेत्रात काम करणाऱ्या ओळखीच्या व्यक्तीशी अर्धा तास बोलणे. शेजारच्या मुलाशी तुलना टाळावी. त्याऐवजी परिचयातील कुणी अडखळत, वाट बदलत कसे स्थिरावले, ते सांगावे. आपल्याला मिळालेले नकारही लपवू नयेत. कौतुक नेमक्या कृतीचे करावे: 'काल स्वतः फोन करून चौकशी केलीस, ते फार चांगले केलेस.' संध्याकाळी फिरायला जाताना नातवंडाला सोबत न्यावे आणि वाटेत भविष्याचा विषय आपण होऊन काढू नये. रात्री जागरण टळेल, जेवण वेळेवर होईल, एवढे पाहावे.

मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक उडाली, मित्रांशी बोलणे तुटले, छातीत वारंवार धडधड होऊ लागली, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून दिवसरात्र उपलब्ध आहे; तेथे मराठीतही बोलता येते. 'जगून काय करू?' असे शब्द कानी पडले, तर रागावू नये, उपदेशही करू नये. शांतपणे ऐकून घ्यावे, त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत मिळवावी.